झोपेतले त्र्याहत्तर सेकंद

...आणि वर मला म्हणतो कसा, "मावशी, झोपेत तुमचा श्वास थांबतो!" थांबतो म्हणजे काय, थांबतो म्हणजे काय? अहो, मी थांबवते! सत्तेचाळीस वर्षं थांबवतेय! पंधराव्या वर्षी आईनं पाण्यात ढकललं, तेव्हापासून ह्या बू जोंग-हेनं दुसरं केलंय काय? छाती भरून घ्यायची, डोकं खाली, पाय वर, आठ-दहा वाव खोल जायचं, शंख उचलायचा, शिंपला खडकावरून उपटायचा आणि जीव कंठाशी आला की वर यायचं. ना टाकी, ना नळी. सगळ्या जेजू बेटावर आमच्या गावच्या बायकांचं नाव आहे, आणि आमच्या गावात माझं! आणि सेऊलहून परवा आलेला तो चष्मेवाला डॉक्टर, ज्याच्या मिशीला अजून नीट केस नाहीत, तो मला श्वासाबद्दल शिकवणार? श्वास कोंडणं हा माझा धंदा आहे हो, धंदा!

बसा बसा, तुम्हीही दातांच्या साच्यालाच आलात ना? आत अजून वेळ आहे, तो दातांचा सोंग डॉक्टर एकेकाला अर्धा अर्धा तास घेतो. मी आपली माझ्या दातांवरच्या साधनाचे स्क्रू तपासून घ्यायला आलेय. तुमचा चेहरा बघूनच कळतं हो, घोरता तुम्ही! लाजू नका. मीही घोरते... घोरत होते. नाही म्हणत नाही. माझी लेक यॉन-जू माहेरी आली की गाडीत झोपायची, एवढं तर चालायचंच. पण शहरातल्या त्या गरम खोल्यांच्या हमामात गेले होते ना एकदा, तिथं घोरणाऱ्यांसाठी वेगळी खोली असते. मुकाट्यानं जाऊन निजले बिचारी. तर तिथनं मला उठवून बाहेर काढलं! कोणी? घोरणाऱ्यांनी! आता बोला!

पण घोरण्यानं कुणी मरतं का? असं मी म्हणायची. सकाळी डोकं जड व्हायचं, म्हणायची वारा लागला. दुपारी जेवता जेवता चमचा हातात आणि मान खाली, म्हणायची वय झालं. तुम्हाला सांगते, माणसाला कारणं बरी सुचतात.

मग गेल्या ऑक्टोबरात झालं ते. दोन बुड्यांच्या मधे तरंगत्या बोयावर छाती टेकून दम खात होते. सगळ्याच खातात. डोळे मिटले... आणि गेलेच की! भर समुद्रात, दिवसाढवळ्या, अंगात रबरी पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, आणि मी गाढ! ओहोटीनं मला नेलं धक्क्याच्या पार पलीकडे, जिथनं मोठ्या बोटी जातात तिथवर. बायकांनी शोधलं कसं माहितेय? आवाजावरून! आमची सुक-जा अजून सगळ्यांना सांगत सुटते, "मला आधी वाटलं, कुणाच्या तरी बोटीचं इंजिन बिघडलंय!" मेली. तिचं तोंड म्हणजे ना...

आमच्यात प्रमुख ह्यॉनताई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अजून पाण्यात उतरते. तिनं मला दंडाला धरून किनाऱ्यावर आणलं. शेकोटीपाशी आल्यावर म्हणाली, "जोंग-हे, उद्यापासून पाण्यात पाय घालायचा नाही. डॉक्टरची चिठ्ठी आण, मग ये." मी म्हटलं, "अहो ताई, डुलकी लागली एवढंच!" तर म्हणते, "डुलकी घरात लागते."

संपलं! ह्यॉनताईच्या शब्दावर शब्द नाही. बावीस बायका शेकोटीभोवती बसतात, तिथं माझी जागा ताईच्या शेजारची, धूर येत नाही त्या बाजूची. ती काही कुणी दिली नव्हती मला, एकेक बुडी मारून मिळवलीय. आणि आता मी काय करू? घरात बसून भिंतींशी बोलू? त्या रात्री मी ठरवलं, चिठ्ठी एक नाही, दहा आणीन, पण त्या पाण्यात परत जाईनच जाईन. गाढवीण म्हणा, हट्टी म्हणा, पण जाईन!

तर लेकीनं धरून नेलं शहरात, त्या चष्मेवाल्याकडे. डोक्याला तारा, छातीला तारा, बोटाला चिमटा, आणि म्हणतात, "आता नेहमीसारखं झोपा." नेहमीसारखं! ऑक्टोपस जाळ्यात अडकतो तसं अडकवायचं आणि वर नेहमीसारखं झोपा! झोपले तरी. आणि सकाळी हा सांगतो, "तासाला सत्तावीस वेळा श्वास थांबतो. सगळ्यात लांब थांबला तो त्र्याहत्तर सेकंद."

मी म्हटलं, "त्र्याहत्तर?"

म्हणाला, "हो मावशी, गंभीर आहे."

मी म्हटलं, "तयारीशिवाय? छाती न भरता? झोपेत?" 

म्हणाला, "हो..."

अहो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सरळ टॅक्सी करून गावात, सरळ शेकोटीवर. पाण्यात बंदी होती, शेकोटीवर नव्हती ना! कागद उंच धरून सांगितलं, "त्र्याहत्तर! झोपेत!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या हो! कुणी म्हणाली, जातिवंत आहे. कुणी म्हणाली, हिच्या आईचंही असंच होतं. एकीनं सुक-जाला टोमणा मारला, "तुला जागेपणी साठ जमत नाहीत, ही बघ घोरता घोरता त्र्याहत्तर करते!" सुक-जाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. श्वास कोंडणं हा माझा धंदा आहे, म्हटलं, धंदा!

आणि ह्यॉनताई? ती निखारे सारत होती. मान वर न करता म्हणाली, "पाण्यात तू श्वास धरतेस, कारण वर कधी यायचं ते तुला कळतं. झोपेत कोण सांगतं गं तुला वर यायला?"

...टाळ्या बंद. मी कागद घडी करून खिशात घातला.

परत चष्मेवाल्याकडे. म्हणाला, उपाय आहे, आणि एक यंत्र काढलं. नळी, नळीला मुखवटा, तो नाकावर बांधायचा आणि यंत्र रात्रभर हवा आत ढकलणार. चांगलं यंत्र आहे हो, नावं नाही ठेवत, सुक-जाचा दीर तेच लावतो आणि बाळासारखा झोपतो. पण मी? नळीची हवा? आमच्या गावात कुणी टाकी लावून समुद्रात उतरलं तर शेकोटीवर त्याला पाणी विचारणार नाहीत! ज्याचा जेवढा श्वास तेवढंच समुद्रातून घ्यायचं, हा आमचा नेम. आणि मी घरात गादीवर नळी लावून पडू? डॉक्टर म्हणतो, "मावशी, गादी म्हणजे समुद्र नव्हे!" मी म्हटलं, "नेम तो नेम." तरी तो म्हणाला म्हणून चार रात्री लावलं. चारही रात्री झोपेत ओरबाडून काढलं. शेवटी त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाला, "तुमच्या आजाराला दुसराही उपाय चालण्यासारखा आहे. दात आहेत का तोंडात?"

आहेत का म्हणे! तर आले इथं, ह्या सोंग डॉक्टरकडे. पोरगा शेजारच्याच गावचा. त्यानं समजावलं नीट. झोपलं की जीभ आणि खालचा जबडा मागे पडतो, घशाची वाट बंद होते. मग वरच्या-खालच्या दातांवर बसेल असं मापाचं दुपाखी साधन करायचं, रात्री घालायचं, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. वाट मोकळी. हवा आपली आपणच घ्यायची. मी म्हटलं, "आपली आपणच? मग कर बाबा, आत्ता कर!"

"आधी दात मोजू द्या," म्हणाला. साधनाला पकडायला दात लागतात ना! वर दहा भरले, खाली नऊ. "बाकीचे कुठे गेले मावशी?" दोन म्हातारपणानं गेले, बाकीचे शंखांची झाकणं उचकटताना. असा बघत राहिला माझ्याकडे. "मावशी, दात म्हणजे पहार नव्हे!" म्हटलं, "हातातली पहार पाण्यात पडली तर काय करू?"

मग साचा. तुमचाही आता घेतील, घाबरू नका. गार गार लगदा भरलेलं ताट तोंडात दाबतात. तो म्हणाला, पुष्कळांना उलटी येते, घुसमटतात, ताट काढून पळतात. मी मनात हसले. छाती भरली आणि बसले डोळे मिटून. बसलेय, बसलेय... तिकडे नर्सबाईची धावपळ सुरू! "मावशी, श्वास घ्या! नाकानं घ्या! डॉक्टर, ह्या श्वास घेत नाहीयेत!" सोंगचा चेहरा पांढरा फटक, मला गदागदा हलवतोय! लगदा घट्ट झाला, ताट निघालं, मी छान लांब शीळ घातली, बुडीवरून वर आल्यावर आम्ही घालतो तशी, आणि म्हटलं, "इतकं काय घाबरायचं? श्वास कोंडणं हा माझा धंदा आहे, धंदा!" नर्सबाई खुर्चीत बसून पाणी प्यायली.

तीन आठवड्यांनी साधन आलं. देखणं हो! पारदर्शक, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना इवलेसे स्क्रू. पहिली रात्र... लाळ! उशी भिजून चिंब. दुसरी रात्र, दाढा ठणकतात. सकाळी काढलं तर वरचे दात खालच्या दातांना ओळखच देईनात! मुळ्याचं किमची तोंडात टाकलं, चावतेय, चावतेय, मुळा तसाच्या तसा. सोंग म्हणाला होता, सकाळी ह्या छोट्या पट्टीवर चावत बसा, जबडा जागेवर येतो. तर रोज सकाळी ओट्याशी उभी राहून पट्टी चावतेय. सुक-जा भाजी घेऊन आली, दारातनं म्हणते, "काय गं, जबडा पुढे काढून भांडायला निघालीस कुणाशी?" म्हटलं, "तुझ्याशीच, थांब जरा, पट्टी काढू दे!"

पण सोडलं का? नाही सोडलं! दुखू दे, गळू दे, मी घालणार. समुद्र पाहिजे होता मला.

आता ह्या स्क्रूचं सांगते, कान देऊन ऐका, तुमच्या उपयोगाचं आहे. सोंगनं एक टाचणीएवढी किल्ली दिली. आठवड्यातून एकदा, एकच वळसा. एका वळशाला जबडा पाव मिलिमीटर पुढे. मी विचारलं, "आणि मला मोकळी कधी करणार?" म्हणाला, "तीन-चार महिने." तीन-चार महिने! पाण्यात शंख माजलेत, माझ्या खडकावर सुक-जा हात मारतेय, आणि मी पाव-पाव मिलिमीटर करत बसू? पाच आठवडे धीर धरला. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी घेतली किल्ली आणि... एक, दोन, तीन... आठ वळसे! दोन्ही बाजूंना! म्हटलं, उद्या सकाळी बरी होऊन उठते बघा.

सकाळी उठले. साधन कसंबसं निघालं, पण जबडा? उघडेना, मिटेना! तोंड अर्धवट उघडं, एवढंसं, आणि शब्द म्हणून निघेना. लेकीला फोन केला तर ती पलीकडून "हॅलो, हॅलो, कोण? आई? काय झालं?" आणि मी नुसती "आं... आं..." म्हाताऱ्यानं गाडी काढली. आमचा म्हातारा, यॉन-जूचे बाबा. पूर्वी मासळीच्या बोटीवर होता. दिवसाकाठी तोंडातून दहा शब्द काढेल तर शपथ. मला घेऊन आला इथं.

सोंगनं साधन हातात घेतलं, स्क्रू बघितला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. नुसतं विचारलं, "मावशी, एका बुडीत शंख किती काढता?" अहो, हे तर आमच्याकडं पोरींना पहिल्या दिवशी शिकवतात! दिसतील तेवढे नाही, श्वास पुरेल तेवढे. हाव धरायची नाही. पण तोंड कुठं उघडत होतं सांगायला? म्हणाला, "माझी आजीपण पाण्यातलीच. एक शिंपला जास्त घ्यायला गेली. मी सहा वर्षांचा होतो." आणि साधन डबीत ठेवून डबी कपाटात टाकली. "दोन आठवडे बंद. मग पहिल्यापासून." मला काय वाटलं म्हणून सांगू! सत्तेचाळीस वर्षं पाण्यात कधी हाव केली नाही आणि ह्या टाचणीएवढ्या किल्लीपाशी केली. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

आणि इथं खरी गंमत. गंमत कसली म्हणा... सोंगनं सुरुवातीला म्हाताऱ्याला एक कागद दिला होता, बायको रोज किती घोरते ते लिहा म्हणून. त्यानं विचारलं, "काका, कागद?" म्हाताऱ्यानं टोपीतून घडी काढली. डॉक्टर वाचतोय, वाचतोय... "काका, घोरण्याचा रकाना रिकामाच आहे. आणि हा शेजारी तुम्ही आखलाय तो कसला? टोचलं एकतीस, टोचलं एकोणतीस... साधन घातल्यावर टोचलं बारा. टोचलं म्हणजे?"

म्हातारा म्हणाला, "बोटानं. बरगडीत."

"का?"

"हिचा श्वास थांबला की मी मोजतो. चाळीसपर्यंत आला नाही तर टोचतो. मग घेते."

सोंगनं कागद खाली ठेवला. "कधीपासून हे?"

म्हातारा छताकडे बघून म्हणाला, "यॉन-जूचं लग्न झालं त्या सालापासून. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षं! अहो, अकरा वर्षं हा माणूस अंधारात माझ्या उशाशी आकडे मोजत पडलेला! आणि मी त्याला काय म्हणायची? दिवसभर पेंगतोस, आळशी आहेस, बोटीवरून उतरलास तो कामातूनच गेलास! आणि त्या त्र्याहत्तरच्या मी टाळ्या घेतल्या ना? घरी माझा श्वास कधी चाळीसच्या वर थांबलाच नव्हता! दवाखान्यात हा शेजारी नव्हता टोचायला, म्हणून त्र्याहत्तर! मला इतकं बोलायचं होतं त्याच्याशी, इतकं... आणि जबडा अडकलेला! जन्मभर तोंडाचा पट्टा सुरू आणि ऐन वेळी "आं... आं..." डोळ्यांतनं पाणी, तोंडातनं लाळ. म्हाताऱ्यानं आपला रुमाल पुढे केला. म्हणाला, "पूस. गाडीत जाऊ."

ते दोन आठवडे मी झोपायलाच घाबरले, तुम्हाला सांगते. मिटल्या डोळ्यांनी वाट बघायची, आता ह्याचं बोट लागणार म्हणून. श्वास कोंडणं हा माझा धंदा ना? मग ठरवलं, आता घेणंही धंद्यासारखंच करायचं. नेमानं! साधन परत मिळालं. आठवड्याला एक वळसा, एकच, आणि तोही म्हाताऱ्यासमोर. किल्ली त्याच्या टोपीत. सर्दी झाली तरी घातलं. लेकीच्या सासरी मुक्काम पडला, सगळ्यांसमोर डबी काढली, घातलं, जबडा पुढे करून सगळ्यांना 'शुभ रात्री' म्हटलं. पाहुणे हसले, हसू देत! पुढं पुढं लाळ गळायची थांबली. मुळा चावायला लागले. सकाळी डोकं हलकं. दुपारी जेवताना चमचा तोंडापर्यंत जायला लागला. आणि टोचलं सात, टोचलं चार, टोचलं एक... मग रकाना नुसता कोरा.

मे महिन्यात पुन्हा त्या तारा. चष्मेवाल्यानं कागद बघितला, पुन्हा बघितला. "तासाला तीन. सगळ्यात लांब अकरा सेकंद." आणि चिठ्ठी लिहून दिली. रोज साधन घालायचं ह्या अटीवर. अट कसली, मरेपर्यंत घालते! ह्यॉनताईनं चिठ्ठी शेकोटीच्या उजेडात दोनदा वाचली, घडी करून आपल्या पोशाखात ठेवली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बैस," म्हणाली. सुक-जानं तोंड वाकडं केलं, पण सरकली.

दुसऱ्या दिवशी उतरले. काय सांगू तुम्हाला... पाणी गार, डोकं स्वच्छ, डोळे टक्क उघडे! सात महिन्यांनी माझा खडक मला दिसला. बुडीमागून बुडी, पण मोजून मापून हां, श्वास पुरेल तेवढंच. तरी दुपारपर्यंत जाळं भरलं. वीस किलोच्या वर. वर ताटलीएवढा एक शिंपला. सगळ्यात मोठी शीळ घातली असेन त्या दिवशी. मला दाखवायचं होतं ना म्हाताऱ्याला! आमच्याकडं पद्धतच आहे, बायको पाण्यातनं येण्याच्या वेळी नवऱ्यानं किनाऱ्यावर यायचं, जाळं ओढायचं, खांद्यावर टाकायचं, घरी न्यायचं. हा माणूस बोटीवरून उतरल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. वादळात आला, तापात आला.

बाहेर आले. सगळ्यांचे नवरे उभे. माझा? नाही! इकडे बघते, तिकडे बघते, नाही! सुक-जा म्हणते, "बायको बरी झाली बघून पळाला वाटतं!" काय राग आला मला! वीस किलोचं जाळं मी पाठीवर टाकलं, उभ्या चढावरून ओढत निघाले, आणि वाटभर ठरवत गेले काय काय बोलायचं ते. आता तर तोंडही उघडत होतं!

घरी आले. दार सताड उघडं. ओट्यावर भात तयार, माशाचं कालवण तयार. आणि उंबऱ्यात हा माणूस. एका पायात बूट, दुसरा बूट हातात, भिंतीला डोकं टेकलेलं. यायलाच निघाला होता हो. बूट घालायला बसला तो बसला. गाढ! शिंपला मी त्याच्यापुढे धरला, नाकापाशी नेला, हूं नाही की चूं नाही. जाळं तिथंच टाकलं. त्याच्या हातातला बूट काढून घेतला आणि बसले शेजारी ओल्याच कपड्यांनी. ओरडायचं राहूनच गेलं.

ह्याला झाला आता दीड महिना. रोज तेच! कधी उंबऱ्यात, कधी गाडीत, एकदा तर बागेत पाण्याची झारी हातात धरून. मला भीती वाटली, ह्यालाही काही लागलं की काय, म्हणून गेल्या आठवड्यात घेऊन आले इथं. म्हटलं, ह्याच्याही तोंडात काहीतरी घाल बाबा! सोंगनं बघितलं, मग शहरात चष्मेवाल्यानं तारा लावून बघितलं. आणि म्हणाला, "मावशी, काकांना काही झालेलं नाही. काकांना झोप लागलीय."

"मग उठणार कधी?" विचारलं. तर म्हणे, "अकरा वर्षांची आहे, थोडा वेळ द्या."

देतेय. काय करता! जाळं माझं मीच घेऊन येते रोज. जड असतं हो.